मागच्या एक्सलचं कूळ

जुन्या गाडीच्या इंजिनासाठी पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह कुठून ना कुठून मिळून जातात. गाडं अडतं ते मागच्या एक्सलपाशी. याचं कारण सुटे भाग विकणाऱ्यांत नाही, एक्सलच्या इतिहासात आहे.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. त्यासाठी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, म्हणजे डिफरन्शियल, वाफेच्या गाडीत बसवण्याची कल्पना फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२७ च्या सुमारासच मांडली होती. मोटारी आल्यावर सुरुवातीला प्रत्येक कारखान्याने आपापल्या पद्धतीने एक्सल घडवला. फोर्डच्या मॉडेल टीच्या मागच्या एक्सलमध्ये बॅबिट या मऊ मिश्रधातूचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे बाजूचा दाब सोसणाऱ्या चकत्या, होते. कालांतराने ते भुसभुशीत होऊन चुरा होतात, क्राऊन (एक्सलमधला मोठा दातेरी गिअर) पिनियनपासून (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरपासून) सरकतो आणि पायाचा ब्रेक गिअरबॉक्समध्येच असल्यामुळे ब्रेकही जातो. इतका जीवघेणा दोष असूनही त्यावर इलाज सोपा आहे. गाड्या दीड कोटी बनल्या, त्यामुळे ब्राँझचे वॉशर आजही नवे मिळतात. गाडी किती जुनी यापेक्षा ती किती बनली, याला इथे जास्त महत्त्व आहे.

खरी अडचण सुरू झाली हायपॉइड गिअरपासून. ग्लीसन कंपनीने विकसित केलेला हा गिअर पॅकार्डने १९२६ मध्ये वापरात आणला. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली गेला, इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट खाली आला आणि गाडीचा तळ उतरला. दिसायला देखणा बदल, पण दात आता एकमेकांवर घसरत चालू लागले. म्हणून क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जोडीनेच तयार होऊ लागले. पिनियनचं तोंड चिंधीने पुसून उजेडात धरा. बहुतेक वेळा त्यावर कोरलेला जोडीचा क्रमांक सापडतो, आणि तोच क्राऊनवरही असतो. शेजारी कधी '+२' असा छोटा आकडा दिसतो. पिनियन ठरलेल्या खोलीपासून किती हलवून बसवायचा हे त्यावरून कळतं, आणि त्याप्रमाणे शिम, म्हणजे अंतर भरणारी पातळ चकती, निवडायची. एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन एकत्र आणले, तर दात कितीही शाबूत असोत, एक्सल घुमत राहणार. पुन्हा हे दात कापायला खास मशिन लागतात, त्यामुळे दहा-वीस जोड्यांसाठी कुणी सहजासहजी तयार होत नाही.

पुढे अनेक कारखान्यांनी एक्सल बाहेरून घ्यायला सुरुवात केली, आणि आज हीच गोष्ट आपल्या कामी येते. सॉल्सबरी आणि डाना या एक्सल बनवणाऱ्या कंपन्यांचे एक्सल कितीतरी वेगवेगळ्या गाड्यांखाली गेले. जॅग्वारचं स्वतंत्र सस्पेन्शनमधलं डिफरन्शियल आणि अमेरिकन डाना ४४ यांची भावकी एकच. म्हणून शोधताना गाडीचं नाव बाजूला ठेवून हाऊसिंगवरचे, म्हणजे एक्सलच्या कवचावरचे, ओतीव आकडे वाचावेत, असं मी आग्रहाने सांगेन. उलट एकाच नावाखाली दोन वेगळे एक्सलही निघतात. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ मध्ये बँजो हाऊसिंगसह, म्हणजे मध्ये बँजोसारख्या गोल कवचासह, आली. १९६५ च्या जीटीला, म्हणजे तिच्याच पक्क्या छपराच्या रूपाला, नळीचा सॉल्सबरी पद्धतीचा एक्सल मिळाला आणि उघड्या गाडीला तो १९६७ मध्ये. या दोन्ही एक्सलांचे हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारे दांडे) एकमेकांना चालत नाहीत, त्यातही वायर व्हीलची, म्हणजे तारांच्या आऱ्यांच्या चाकांची, गाडी वेगळीच. नुसतं 'एमजीबीचा शाफ्ट' म्हणून मागवलं की फसगत ठरलेली.

बेअरिंगचं मात्र दुःख नाही. टिमकेनने टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट १८९८ मध्ये घेतलं. पुढे मापं ठरत गेली, आणि रिंगेवरचा क्रमांक वाचता आला की बहुधा नवं बेअरिंग हाती येतं. ऑईल सीलही तसंच. शाफ्टचा व्यास, भोक आणि जाडी मोजली की जुन्या चामड्याच्या सीलच्या जागी रबरी सील बसतं. ब्रिटिश गाडीच्या बोल्टांकडे तेवढं लक्ष हवं. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी समान आटे मान्य केले, पण त्याआधीच्या घडणीत व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या घराण्यातले आटे भेटतात.

हाफ शाफ्ट तुटलाच तर नमुन्यावरून नवा करून घेता येतो, फक्त पोलाद योग्य हवं आणि हार्डनिंग नीट व्हायला हवं. त्यासाठी तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवा, कारण स्प्लाइनची (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांची) संख्या आणि लांबी त्यांच्यावरूनच घ्यायची असते. क्राऊन-पिनियन गेला असेल तर सुटा भाग शोधत बसू नये. त्याच जातीच्या एक्सलचं अख्खं डिफरन्शियल, त्याच्या शिमांसकट, उचलावं.