तुरीला एरंडेलाचा हात

डब्याच्या तळाशी कडुनिंबाचा पाला टाकला की कडधान्य वर्षभर टिकतं, असं घरोघरी मानलं जातं. पण किडीला खरोखर जेरीला आणणारं ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य मुख्यतः निंबोळीच्या बीमधल्या गरात असतं, पानांत ते फारच थोडं. त्यात पाला ओलसर राहिला तर दाण्याला दमटपणा लागतो आणि बुरशी धरते. आपल्याकडची त्याहून भक्कम पद्धत एरंडेल लावण्याची.

मूग, तूर, चवळीचे दाणे उजेडात धरून बघा. खसखशीहूनही बारीक, घट्ट चिकटलेला पांढरा ठिपका दिसला तर ते भुंग्याचं अंडं. मादी बऱ्याचदा शेतातच, पिकत आलेल्या शेंगांवर अंडी घालते आणि कीड पोत्यातूनच घरात येते. अंड्याची खालची बाजू दाण्याला चपटी बसलेली असते. अळी उघड्यावर येतच नाही. अंड्याच्या कवचाखालूनच थेट दाणा पोखरत आत शिरते. कवचाच्या एका टोकाला नरसाळ्यासारखी सूक्ष्म वाट असते, हवा मुख्यतः तिथूनच आत जाते. तेलाने ती बुजली की आतला जीव गुदमरतो. म्हणजे तेल विषारी असायची गरजच नाही! शेंगदाणा तेलही चालतं, फक्त ते लवकर खवट होतं.

अळी एकदा दाण्यात शिरली की मात्र तेल तिला गाठत नाही. अंडं फुटायला साधारण ४ ते ६ दिवस लागतात, त्यामुळे माल घरी येताच हे काम उरकावं. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या; दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. मग पूर्ण गार होऊ द्या, गरम भरला तर डब्याला आतून पाणी सुटतं. १ किलोला ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा एरंडेल. थंडीत ते कोमट करून घ्या. परातीत दोन-दोन किलो घेऊन, तळहातांना तेल लावून दाणे चोळा. वरून नुसतं ओतलं तर वरचे दाणे चिकट होतात आणि खालचे कोरडेच राहतात. शिजवताना गरम पाण्याने धुऊन घ्या.

गहू-ज्वारीत एरंडेलाचा एवढा भरवसा धरू नये. तिथला सोंडकिडा दाणा कोरून अंडं आत ठेवतो आणि वरून भोक बुजवतो, त्यामुळे तेल अंड्यापर्यंत पोचत नाही. तिथे चांगलं वाळवण आणि घट्ट झाकणाचं पिंपच हवं.

‘वनस्पतीचं आहे, म्हणजे निर्धोक’ हेही खरं नाही. वेखंडाची पूड भुंग्यावर जबर चालते, पण तिच्यातल्या बीटा-ॲसरोन या द्रव्यामुळे प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोग आढळला आहे. ती १ किलोला १० ग्रॅम या प्रमाणात पेरणीच्या बियाण्यालाच लावावी, आणि तो डबा खाण्याच्या धान्यापासून वेगळा, वर चिठ्ठी लावून ठेवावा.