चालता येतंय म्हणजे हाड शाबूत?

कबड्डीत घोटा मुरगळला की मैदानावर हमखास ऐकू येतं, "चार पावलं टाक बघू. टाकलीस ना? मग हाड नाही मोडलं." साफ चूक. बाहेरच्या बाजूचं फिब्युला हाड वजन थोडंच पेलतं, मुख्य भार शेजारच्या टिबियावर, म्हणजे नडगीच्या हाडावर. म्हणून फिब्युलाला तडा जाऊनही गडी लंगडत का होईना, घरी पोचतो.

एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवायला कॅनडात १९९२ मध्ये मांडलेल्या ओटावा नियमांत चार पावलं आहेतच, पण तेवढ्यावर भागत नाही. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड, खालचे ६ सेंमी, दाबून बघतात. पावलाच्या करंगळीकडच्या कडेला मध्यावर लागणारं हाडाचं टोकही. तिथं हाडावर दुखलं, तर चालता येत असूनही एक्स-रे काढायचा. आणि तेल लावून चोळणं? ताज्या दुखापतीवर मुळीच नको, सूज वाढते.