वांशिक मतदान

वांशिक मतदान म्हणजे उमेदवाराचा रंग, वंश, बापजाद्यांचा मुलूख बघून मत देणं किंवा नेमकं त्याच कारणाने न देणं. देशाचा नेता निवडताना लोक हे बाजूला ठेवू शकतात का, हा ह्यातला सगळ्यात मोठा वाद.

कोकणात हा विषय चहाच्या टपरीपर्यंत पोचला जून २०१७ ला. मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर अशोक वराडकर, त्यांचा मुलगा लिओ आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि "आपलो झील थंय पंतप्रधान झालो" सुरू झालं. आई आयरिश, जन्म डब्लिनचा, मालवणीशी काही संबंध नाही, तरी डिसेंबर २०१९ मध्ये घरच्यांना घेऊन वराडला आला तेव्हा तो गावाचाच होता. पण ह्यावरून गोऱ्या मतदाराने रंग सोडला असं म्हणणं घाईचं आहे, कारण तेव्हा त्याला जनतेने नाही, पक्षाने निवडलेलं. फिन गेल पक्षाच्या त्या निवडणुकीत खासदारांच्या मतांना ६५ टक्के वजन, साध्या सभासदांना २५ आणि नगरसेवकांना १०, आणि सभासदांची जास्त मतं पडली समोरच्या उमेदवाराला, सायमन कोव्हनीला. त्याला रंगच कारण होता असंही नाही म्हणता येत. पुढे २०२० च्या निवडणुकीत लिओचा पक्ष ३५ जागांवर, तिसऱ्या नंबरला गेला, पण तिथे भांडण होतं घरभाड्याचं आणि हॉस्पिटलच्या रांगांचं.

ब्रिटनचे ऋषी सुनक पण तसेच. सप्टेंबर २०२२ मध्ये पक्षाच्या सभासदांनी लिझ ट्रसना निवडलं, ऑक्टोबरमध्ये समोर कोणी उरलंच नाही म्हणून सुनक आले आणि जनतेसमोर जायची वेळ आली ती थेट जुलै २०२४ ला, तेव्हा पक्षच आपटला. खरं उदाहरण हवं तर आपल्या खालच्या अंगाला, मडगावला बघा. तिथल्या घराण्यातले आंतोनियो कोश्ता, घरचं नाव बाबुश, २०१५ ला दुसऱ्या नंबरवर राहून डाव्यांच्या पाठिंब्याने पोर्तुगालचे पंतप्रधान झाले आणि जानेवारी २०२२ ला मात्र लोकांनीच २३० पैकी १२० जागा देऊन पूर्ण बहुमत हातात दिलं. गोव्यात त्याचा गाजावाजा लिओइतका झाला नाही, का ते देव जाणे.

ह्या विषयावर सगळ्यात जास्त कीस काढलाय तो अमेरिकेत. १९८२ मध्ये लॉस एंजलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे होते, एक्झिट पोलमध्ये पुढे, आणि निकालात लाखाच्या आतल्या फरकाने हरले. लोक सर्व्हेवाल्याला एक सांगतात आणि पडद्यामागे दुसरंच करतात, ह्याला तेव्हापासून ब्रॅडली इफेक्ट म्हणतात. पण बरेच जण म्हणतात की पोस्टाने आलेली मतं आणि बंदुकांवर बंधनं आणायच्या, त्याच दिवशी मताला टाकलेल्या प्रस्तावामुळे बाहेर पडलेले गावाकडचे मतदार ह्यांनीच खेळ बिघडवला, म्हणजे इफेक्टचं ज्याच्यावरून नाव पडलं तीच केस कच्ची. गॅलप ह्या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने १९५८ मध्ये कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षाला मत द्याल का विचारलं तर ३८ टक्के हो म्हणाले, २०१२ मध्ये ९६ टक्के. आता ह्यातलं किती मनापासून आणि किती चारचौघांत बरं दिसावं म्हणून, ते ज्याचं त्याला ठाऊक.

२००८ ला बराक ओबामा जवळपास ५३ टक्के मतांनी जिंकले आणि पोल बऱ्यापैकी खरे ठरले. गंमत अशी की एक्झिट पोलनुसार गोऱ्यांची ४३ टक्के मतं त्यांना, तर चार वर्षं आधी त्याच पक्षाच्या गोऱ्या जॉन केरींना ४१. बँका बुडत होत्या, समोरच्या पक्षाच्या आठ वर्षांच्या सत्तेला लोक विटलेले, पक्षाचा मतदार पक्षामागे गेला. २०१२ ला हाच आकडा ३९ वर आला. म्हणजे रंग विसरला गेला असं नाही, खिसा आणि पक्ष त्याच्यापुढे उभे राहिले की तो मागच्या बाकावर बसतो, उठून जात नाही.

आपल्याकडे रंगाचं हे काम आडनाव करतं. मतदानाच्या दिवशी शाळेपासून थोडं लांब आंब्याखाली पक्षाचं टेबल असतं, यादीवर बोट फिरवणारा गडी नुसती आडनावं वाचून सांगतो की ह्या घरातली तीन आपली, दोन मुंबयक, त्या घराचं काय खरं नाय. लिओ उद्या ह्या टेबलासमोर उमेदवार म्हणून आला तर पक्ष कुठला हे नंतर, आधी विचारतील, "वराडात वाडी खंयची?"