स्टिअरिंग तिरकं झालंय? नट खोलू नका

पावसाळ्यात खड्ड्यात गाडी दणकून आदळते आणि मग सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग कललेलं दिसतं. अशा वेळी कुणीतरी सांगतंच, "स्टिअरिंगच्या मधला नट खोला, स्टिअरिंग दांड्यावरून काढून एक दाता सरकवून बसवा, झालं काम!" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

कारण बिघाड हातातल्या स्टिअरिंगमध्ये नसतो, खाली चाकांजवळ असतो. दणक्याने टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) किंवा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) वाकतो, कधी बुश (सांध्यातलं रबर) फाटतं, आणि पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतो. नट खोलून डोळ्यांना सरळ दिसेल, पण वाकलेला भाग वाकलेलाच राहील आणि टायर एका कडेने झिजत जाईल. एअरबॅगच्या गाडीत तर हा उद्योग घरी करूच नये: आतली क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगसोबत फिरणारी वायरची गुंडाळी) तुटली की एअरबॅग आणि हॉर्न दोन्ही बंद पडू शकतात.

"बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) करून घ्या" हाही अर्धवटच सल्ला. बॅलन्सिंगने वेगात येणारी थरथर जाते, तिरकेपणा नाही.

आधी गाडी लिफ्टवर चढवून रिम, टायरच्या बाजूचा फुगा, टाय रॉड, बॉल जॉइंट (चाकाजवळचा फिरता सांधा) बघायला सांगा. वाकलेलं बदला, मगच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. उलट्या क्रमाने केलंत तर पैसे पाण्यात. अलाइनमेंट करताना स्टिअरिंग मधोमध लॉक केलंय ना, हे स्वतः उभं राहून बघा. घाईत हीच पायरी गाळली जाते. ईएससी (गाडी घसरू नये म्हणून ब्रेक आपोआप सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत शेवटी स्टिअरिंग किती वळलंय हे मोजणारा स्टिअरिंग अँगल सेन्सरही शून्यावर आणावा लागू शकतो.