टायरमधली हवा: नजरेपासून सेन्सरपर्यंत

मोटारीचे वजन रबरापेक्षा टायरात कोंडलेल्या हवेवर अधिक तोललेले असते; रबर, आतले धागे आणि पोलादी तारा यांचे मुख्य काम ती हवा धरून ठेवण्याचे. हे तत्त्व हवेच्या टायरइतकेच जुने आहे, पण हवा पुरेशी आहे की नाही हे ओळखण्याची रीत मात्र दीडशे वर्षांत अनेकदा बदलली. टायर जसजसे सुधारत गेले, तसतशी हवेची तूट नजरेला दिसेनाशी होत गेली, आणि आजच्या गेजची (दाब मोजणाऱ्या उपकरणाची) व सेन्सरची गरज या विसंगतीतूनच आलेली आहे.

स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवेच्या चाकाचे पेटंट १८४५ मध्ये घेतले आणि दोन वर्षांनी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीवर त्याची चाचणीही झाली, परंतु ती कल्पना मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी तीच गोष्ट नव्याने शोधली, तेव्हा कुठे हवेच्या टायरांचा खरा प्रसार सुरू झाला. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार उतरवली आणि वाटेत वारंवार पंक्चर काढत ती शेवटपर्यंत नेली. अशा काळात हवा 'थोडी कमी' आहे का, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. टायर टिकला हेच पुष्कळ.

हवा मोजणे सोपे झाले ते व्हॉल्व्हमुळे. श्रेडर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हला अमेरिकेत १८९३ मध्ये पेटंट मिळाले. नळीच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली बारीक पिन असते. स्प्रिंग आणि आतल्या हवेचा दाब तिला बंद ठेवतात आणि गेजचे तोंड टेकवले की ती दाबली जाऊन हवा गेजमध्ये शिरते. टोपी काढल्यावर आज दिसणारी पिन मुळात तीच आहे.

१९२३ च्या सुमारास फुगीर, कमी दाबाचे 'बलून' टायर बाजारात आले. प्रवास मऊ झाला, पण मूळ दाबच कमी असल्याने त्यातली थोडीशी घटही महत्त्वाची ठरू लागली. खरा बदल मात्र रेडियल टायरने, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे नेणाऱ्या टायरने, केला. मिशेलिनने त्याचे पेटंट १९४६ मध्ये घेतले. या रचनेत टायरच्या बाजूची भिंत लवचीक असते, त्यामुळे हवा पूर्ण भरलेली असतानाही तळाशी थोडा फुगवटा दिसतो. जुन्या टायरात असा फुगवटा म्हणजे हवा कमी असल्याची खूण होती. रेडियलमध्ये ती खूण फसवी झाली, आणि टायरला लाथ मारून अंदाज घेण्याच्या सवयीलाही काही अर्थ उरला नाही. त्यात पुढे ट्यूबलेस टायर रूढ झाले. खिळा रुतला तरी त्यातली हवा अनेकदा इतकी सावकाश जाते की चालकाला कित्येक दिवस पत्ता लागत नाही.

मोजमापाची रीतही याच ओघात पक्की झाली. गाडी चालली की टायर तापतो आणि आतला दाब वाढतो. बाहेरचे तापमान पाच-सहा अंश सेल्सियसने बदलले तरी साधारण एक पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) फरक पडतो. म्हणूनच गाडीच्या दाराच्या चौकटीवर दिलेला शिफारशीच्या दाबाचा आकडा थंड टायरचा असतो. तापलेल्या टायरातून 'जास्तीची' हवा काढून टाकणे ही त्यामुळे शुद्ध चूक होय, कारण टायर निवल्यावर दाब कमी भरतो. टायरच्या बाजूवर कोरलेला कमाल दाब ही आणखी निराळी गोष्ट आहे. तो टायरच्या मर्यादेशी संबंधित असतो, गाडीच्या गरजेशी नव्हे.

कमी हवेचा प्रश्न कायद्यापर्यंत पोहोचला तो २००० साली. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या अपघातांनंतर टायर कंपनी फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्या वादात टायरची रचना व उत्पादन यांबरोबरच हवेचा आकडाही होता: फोर्डने २६ पीएसआयची शिफारस केलेली होती, तर फायरस्टोन ३० चा आग्रह धरत होती. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्यातून उष्णता वाढते, आणि वेग, ओझे व कडक ऊन यांची जोड मिळाली की टायरचे थर सुटू शकतात.

त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या कायद्याने दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मार्ग मोकळा केला. पोर्शे ९५९ या स्पोर्ट्स कारमध्ये अशी यंत्रणा १९८० च्या दशकातच आलेली होती, पण ती चैनीची वस्तू होती. २००२ च्या पहिल्या नियमाने एकाच टायरातली तूट ओळखणारी यंत्रणाही चालवून घेतली होती. चारही टायरांची हवा सारखीच उतरली तर ती गप्प बसू शकली असती, आणि न्यायालयाने २००३ मध्ये तो नियम रद्द केला. २००५ च्या सुधारित नियमानुसार एक ते चार कितीही टायरांतला दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेला की वीस मिनिटांच्या आत चालकासमोरचा इशाऱ्याचा दिवा लागलाच पाहिजे.

म्हणजे ३२ पीएसआयच्या टायरात दिवा २४ ला लागला तरी नियम पाळला जातो, आणि २६ वर तो बंद असला तर त्यात यंत्रणेचा दोष नाही. नियम करणाऱ्यांना याची कल्पना होती. ही यंत्रणा टायरच्या देखभालीला पर्याय नाही आणि दिवा लागण्याइतकी तूट नसतानाही योग्य दाब राखणे ही चालकाचीच जबाबदारी आहे, असे गाडीच्या पुस्तिकेत छापणे त्याच नियमाने बंधनकारक केले.