घड्याळ कोणी द्यायचं? सिरीयल पोर्टच्या सेटिंगची पार्श्वभूमी

पांढरकवडा, वणी, हिंगणघाट या पट्ट्यात कापसाची गाडी जिनिंगच्या काट्यावर चढली, की वजनाचा आकडा इंडिकेटरमधून एका सिरीयल केबलने संगणकात जातो. पडद्यावर आकड्यांऐवजी भलतीच चिन्हं उमटली, तर बॉड रेट (पाठवायचा वेग), डेटा बिट (एका अक्षराचे बिट), पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) यांपैकी काहीतरी दोन्हीकडे जुळलेलं नसतं. तालुक्याच्या बँक शाखांत लीज लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेल्या कायमच्या डेटा लाइन, होत्या तेव्हा तिथल्या राउटरचं (शाखेचं नेटवर्क बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या यंत्राचं) दुखणंही याच कुळातलं. "भाऊ, मोडेमचे लाइट हिरवे आहेत, पण लिंक येत नाही," असा फोन मी कितीदा घेतला असेल! शिकाऊ मुलांना ही सेटिंग पाठ करावी लागतात आणि म्हणून ती विसरतात. ती कुठून आली हे कळलं, की पाठांतराची गरज उरत नाही.

बॉड हे नाव फ्रेंच तार अभियंता एमिल बोदो याचं. त्याने १८७४ मध्ये पाच बिटांच्या तार-संकेताचं पेटंट घेतलं. १९६० मध्ये अमेरिकेत सिरीयल जोडणीचं आरएस-२३२ हे मानक आलं, आणि त्याची 'सी' आवृत्ती १९६९ मध्ये. त्यात टेलिप्रिंटरसारखं टोकाचं यंत्र म्हणजे डीटीई आणि मोडेम म्हणजे डीसीई, अशी जोडी गृहीत धरली होती. म्हणून दोन डीटीई सरळ केबलने जोडले, तर दोघं एकाच तारेवर बोलतात आणि ऐकायला कोणी नसतं. तिथे उलटी केबल लागते. पुढे १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीबरोबर ९ पिनांचा पोर्ट रूढ झाला. २५ पिनांच्या डीटीईवर २ नंबरची पिन पाठवायची, ९ पिनांच्या पोर्टवर तीच ऐकायची. काट्याच्या केबलीचा निम्मा घोळ इथेच होतो.

खरा मुद्दा घड्याळाचा, म्हणजे बिट मोजायच्या तालाचा, आहे. काट्याच्या केबलीत प्रत्येक अक्षरापुढे स्टार्ट बिट असतो. तो दिसला की ऐकणारा मोजायला लागतो आणि जेमतेम दहा बिटांत थांबतो, त्यामुळे दोन्हीकडची घड्याळं थोडी मागेपुढे असली तरी निभावतं. लीज लाइनवर बिटांचा ओघ अखंड असतो, स्टार्ट बिट नसतोच. कुठला बिट कधी वाचायचा हे सांगणारं घड्याळ वेगळ्या तारेवरून द्यावं लागतं, आणि ते द्यायचं काम डीसीईचं, म्हणजे मोडेमचं. मोडेमशिवाय दोन राउटर थेट जोडले, तर एकाला डीसीईची जागा घ्यावी लागते; 'क्लॉक रेट ६४०००' ही आज्ञा राउटरवर फक्त डीसीई केबल लावलेल्या टोकाला चालते, ती यामुळेच. चौसष्टचा आकडा टेलिफोनचा: आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट.

दोन मोडेम नुसत्या तांब्याच्या जोडीवर समोरासमोर असतील, तर एकाचं घड्याळ 'इंटर्नल' (स्वतःचं) आणि दुसऱ्याचं 'लूप' (लाइनवरून येणारं) ठेवायचं. दोन्ही इंटर्नल ठेवले तर लाइन वर येते, म्हणूनच ही चूक फसवी. दोन्हीकडची क्रिस्टल (घड्याळाचा ताल देणारे स्फटिक) दहा लाखांत पन्नासने विरुद्ध बाजूंना चुकत असतील, तर ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ हजार बिट) सेकंदाला ६.४ बिटांची तफावत पडते. एरर वाढत राहतात आणि सगळे केबल, अर्थिंग, उन्हाळा यांना दोष देत बसतात.

राउटरला लागणारी ३४ पिनांची जाडजूड केबल व्ही.३५ या मानकाची. हे मानक मुळात ४८ केबीपीएसच्या मोडेमसाठी होतं, पण डेटा आणि घड्याळ तारांच्या जोड्यांवरून नेत असल्याने ते जास्त वेगालाही टिकलं.

राहिलं एन्कॅप्सुलेशन, म्हणजे लाइनवर पाठवायचा डेटा कोणत्या चौकटीत बांधायचा ते. त्यातलं एचडीएलसी हे आंतरराष्ट्रीय मानक असलं, तरी सिस्कोच्या राउटरवर मुळातच लावलेलं एचडीएलसी त्यांच्या स्वतःच्या धाटणीचं आहे. एका टोकाचा राउटर बदलून दुसऱ्या कंपनीचा आला, की घड्याळ बरोबर, केबल बरोबर, तरी प्रोटोकॉल डाऊन. तेव्हा दोन्हीकडे पीपीपी ही दुसरी चौकट लावायची. त्याचं १९९४ चं मानक कुठल्याच एका कंपनीचं नाही.