मेजी काळातली जपानी काष्ठमुद्राचित्रं: पार्श्वभूमी

मेजी काळ म्हणजे जपानची १८६८ ते १९१२ची वर्षं; पण लाकडी फळ्यांवरून छापलेल्या या चित्रांची गोष्ट त्याआधीची. १७६५च्या सुमारास एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, असे पूर्ण रंगीत ठसे निघू लागले. एका चित्रामागे चौघे असत: पैसा लावणारा प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. पातळ कागदावरचं रेखाटन रानचेरीच्या फळीवर पालथं चिकटवायचं आणि रेघा राखून बाकीचं लाकूड काढायचं. मग एकेका रंगासाठी निराळी फळी कोरायची. सगळी मदार ‘केंतो’वर, म्हणजे कागद जुळवायच्या खुणांवर: फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच, त्याच कडेला पुढे एक सरळ. कागद त्यांना टेकवूनच ठेवायचा. तो ओलसर हवा. मध्येच सुकला तर आकसतो आणि खाचा बिनचूक असूनही रंग रेघेबाहेर जातो. कागदाला दिलेला सरस-तुरटीचा हात कमी पडला तर रंग फुटतो, जास्त झाला तर मुरतच नाही.

१८५९ला योकोहामा बंदर खुलं झालं आणि पुढच्या काही वर्षांत ॲनिलिन, म्हणजे कृत्रिम रासायनिक रंग आले. करडईच्या फुलांचा लाल महाग; हा स्वस्त आणि झगझगीत. मेजी ठशांना नाकं मुरडली जातात ती या भडकपणावरून. कारागिरीत मात्र उणं नव्हतं. चित्रकार योशितोशीच्या चंद्रावरच्या शंभर चित्रांतलं (१८८५–९२) केसांचं कोरकाम भिंगाखाली पाहावं! चित्रकार कियोचिकाने तर १८७६पासून काळ्या बाह्यरेषेला फाटा देत गॅसबत्तीचा उजेड ठशात आणला.

मार बसला तो धंद्याला. १८९४–९५च्या चीन युद्धात तीन कागद जोडून केलेली युद्धचित्रं धडाधड खपली. १९०४–०५च्या रशिया युद्धात गिऱ्हाईक फोटो आणि शिळाछापाकडे वळलं. त्याच १९०४मध्ये चित्रकार यामामोतो कानाएने चित्र, कोरणं, छापणं सगळं स्वतःच केलं. प्रकाशक वातानाबे शोझाबुरोने उलट चौघांची जुनी घडीच पुन्हा बसवली: १९१५पासून नव्या चित्रकारांकडून नवी चित्रं, पुढे चित्रकार हासुईची निसर्गदृश्यं, गिऱ्हाईक बरंचसं परदेशी. तोक्योतल्या १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याच्या फळ्या जळाल्या, म्हणून त्याआधीचे ठसे आज दुर्मीळ.

वातानाबेकडे काम केलेल्या चित्रकार योशिदा हिरोशीने नंतर स्वतःचे कोरणारे-छापणारे ठेवले. १९३१–३२च्या त्याच्या भारतमालिकेत अजिंठा आणि वेरूळही आहेत. विकत घेताना समासातला ‘जिझुरी’ शिक्का पाहावा: छपाई त्याच्या देखरेखीखाली झाल्याची ती खूण. नसेल तर ती प्रत बहुधा नंतरची.